आमची वाटचाल : तिजोरी कपाटापासून केमिकलच्या कपाटापर्यंत

आण्णांनी म्हणजे आमच्या वडिलांनी 1991 ला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गाळा भाड्याने घेऊन लोखंडी कपाटं करायला सुरवात केली. लग्नसराईत आरशाची कपाटं, बाकी वर्षभर शाळा आणि पतसंस्थांचे लॉकर, एवढंच काम, पण त्यावर घर चाललं, दोन बहिणींची लग्नं झाली. मी डिप्लोमा करून 2006 ला शॉपवर यायला लागलो. केमिकलशी आमचा संबंध रंग आणि थिनर एवढाच, आणि तोच अंगावर आला म्हणून आज आम्ही केमिकल सुरक्षित ठेवायची कपाटं करतोय.

2011 चा उन्हाळा होता. रंगकामाच्या कोपऱ्यात 20 लिटरचा थिनरचा कॅन कायम असायचा, झाकण नुसतं वर ठेवलेलं, कारण सारखं लागतंय म्हणून कोण घट्ट लावणार. ग्राइंडर तिथनं बारा-तेरा फुटावर. ठिणगी एवढ्या लांब जात नाही असं आमचं सगळ्यांचं ठाम मत होतं. ठिणगी गेलीच नाही, वाफ ठिणगीकडे आली. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता फरशीलगत पसरत राहते, त्यादिवशी लाईट नव्हती, पंखे बंद, जनरेटरवर फक्त ग्राइंडर चालू होता आणि बघता बघता फरशीवरनं जाळ पळत कॅनपाशी गेला. आमचे सगळ्यात जुने वेल्डर, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी तो पेटलेला कॅन उचलून बाहेर रस्त्यावर फेकला. गाळा वाचला, मामांचा उजवा हात भाजला. त्यांच्या दोन बोटांची मूठ अजून पूर्ण वळत नाही. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत, आणि ही चूक आपली, मामांची नाही, हे त्यांनी सगळ्या कामगारांसमोर बोलून दाखवलं.

मग मी वाचायला लागलो. थिनरमधे बहुतेक वेळा टोल्युईन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याएवढी वाफ निघायला लागते ते तापमान, साधारण 4 अंश सेल्सियस, म्हणून कोल्हापुरात ऐन थंडीत पहाटेसुद्धा उघड्या डब्यातनं पेट घेण्याएवढी वाफ निघत असते. आम्ही वीस वर्षं त्याच्या शेजारी वेल्डिंग करत होतो! अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमात अशा मालाच्या कपाटाचं माप अगदी बारकाईने दिलंय : 18 गेजचा पत्रा, तळ, वरची बाजू, दारं, सगळं दुहेरी, मधे दीड इंचाची हवेची पोकळी, दाराला तीन ठिकाणी बसणारी कडी, आणि दाराचा उंबरठा तळापासून किमान 2 इंच वर म्हणजे सांडलेलं आतच राहील. 10 मिनिटं बाहेर आग असली तरी आतलं तापमान 163 अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये अशी ती परीक्षा. दहाच मिनिटं, पण तेवढ्यात शॉपमधली सगळी माणसं बाहेर पडतात. पत्रा वाकवणं तर आमचं रोजचंच काम, म्हणून पहिलं कपाट आम्ही स्वतःसाठी केलं, पिवळा रंग दिला.

ते बघून ओळखीच्या एका फौंड्रीवाल्यांनी, म्हणजे ओतकामाच्या कारखानदारांनी, दोन मागितली आणि तिथे आम्ही पुन्हा चुकलो. तळाला नेहमीसारखं टाके मारून वेल्डिंग केलं होतं, कारण तिजोरी कपाटात कधी पाणी साठवायचं नसतं. त्यांच्याकडे डबा कलंडला आणि साच्याला लावायचं, पेट घेणारं सगळं कोटिंग तळाच्या फटीतनं फरशीवर आलं. आग लागली नाही हे नशीब. दोन्ही कपाटं परत आणली, पैसे परत केले, आणि तेव्हापासून प्रत्येक कपाटाच्या तळाला पूर्ण सलग वेल्ड मारायचा, पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि खाली कोरडं असेल तरच पावडर कोटिंगला पाठवायचं असा नियम केला.

कोल्हापूरच्या फौंड्र्यांनी आम्हाला खरं शिकवलं. नो-बेक मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे न भाजता घट्ट करायला, वाळू चिकटवणारं फ्युरान रेझिन आणि त्याचं हार्डनर लागतं, हार्डनर म्हणजे ॲसिडच. वाळूत आधी हार्डनर मिसळायचं मग रेझिन, हे मिक्सरवरच्या प्रत्येकाला माहीत असतं, पण तेच दोन्ही गोडाऊनमधे एकाच फळीवर शेजारी शेजारी. हे थेट एकमेकात मिसळले तर इतकी उष्णता होते की उसळून बाहेर येतं. एकांनी आमच्याकडे एकच मोठं कपाट मागितलं, वर रेझिन खाली हार्डनर, जागा कमी आहे म्हणाले. आम्ही ती ऑर्डर घेतली नाही. तेव्हा हातात काम नव्हतं, पगाराची तारीख जवळ आलेली, तरी आण्णा म्हणाले, "नको रे, वरचा डबा खाली गळणारच कधीतरी." दोन महिन्यांनी त्याच साहेबांनी फोन करून दोन वेगळी कपाटं घेतली, दोन वेगळ्या भिंतींना.

ॲसिडच्या कपाटात मात्र आमची पावडर कोटिंग टिकेना, फोड यायचे, बिजागऱ्या गंजायच्या. आता आत पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे ट्रे देतो आणि निळा रंग देतो, म्हणजे लांबूनच पिवळं कुठलं निळं कुठलं कळतं. ज्वलनशील मालाच्या कपाटाला अर्थिंगचा बोल्ट असतोच, पण गिऱ्हाईकाने वायर जोडली का हे आम्ही स्वतः जाऊन बघतो, आणि ड्रममधनं डब्यात ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही तारेने जोडायचे हेही तिथल्या माणसांना हाताने करून दाखवतो. ऑर्डर घ्यायच्या आधी आम्ही एसडीएस, म्हणजे त्या केमिकलचा सुरक्षा माहितीचा कागद मागतो, त्यात 16 भाग असतात, निदान 7, 8 आणि 10 वाचा असं सगळ्यांना सांगतो, साठवणूक, संरक्षक साधनं, आणि कशाशी जमत नाही ते. काहीजण कागद ऑफिसात कुलपात ठेवतात. भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 ला फॅक्टरी ॲक्टमधे 41बी कलम आलंच मुळी धोक्याची माहिती कामगाराला मिळावी म्हणून, मग तो कागद मालकाच्या ड्रॉवरमधे काय कामाचा?

मास्क-हातमोज्यांची कपाटं आम्ही 2015 पासून करतो, आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. बऱ्याच ठिकाणी वाफेसाठीचा मास्क रंगकामाच्या खोलीतच खिळ्याला टांगलेला दिसतो. त्याच्या काडतुसात, म्हणजे पुढच्या गाळणीच्या डबीत, कोळसा असतो, तो वाफ शोषून घेतो, आणि कोणाच्या तोंडावर नसला तरी शोषतच राहतो! म्हणजे पोरगा सकाळी मास्क लावतो तेव्हा ते काडतूस रात्रभरात निम्मं संपलेलं असू शकतं, आणि त्याला वाटतंय आपण सुरक्षित आहे. हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा, उघडल्याची तारीख लिहा, एवढंच करायचंय. केमिकलच्या कपाटात हातमोजे ठेवू नका, हेल्मेट खिडकीत उन्हात ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि कुलूप! किल्ली सुपरवायझरकडे, सुपरवायझर दुसऱ्या शिफ्टला, मग माणूस तसाच ॲसिड ओततो. म्हणून आमच्या त्या कपाटाला आम्ही कुलूपच देत नाही, दाराला पारदर्शक शीट, आतलं सगळं दिसलं पाहिजे. मोजे चोरीला जातात म्हणून तक्रार करणारे असतात, जाऊदेत की चार जोड, हात तर राहतो.

2019 च्या ऑगस्टमधे महापूर आला, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, कित्येक दिवस बंद. पाणी उतरल्यावर आमच्या एका गिऱ्हाईकाकडे गेलो तर ड्रम तरंगून कुठल्या कुठे गेलेले, कागदी लेबलं धुऊन गेलेली, कुठल्या ड्रममधे काय आहे कोणालाच सांगता येईना. ते काम निस्तरायला त्यांना कित्येक आठवडे लागले आणि प्रत्येक ड्रम उघडताना लोक घाबरत होते. तेव्हापासून आम्ही नावाची पट्टी पत्र्यावर ठोकून देतो आणि नदीकडच्या भागात खालची चौकट फूटभर उंच करतो. महापुराला तेवढं पुरत नाही, हे आम्ही आधीच सांगतो, पावसाळ्यात माल वरच्या मजल्यावर हलवा म्हणतो.

आता आम्ही गोकुळ शिरगावला आहे, चौदा माणसं. तिजोरी कपाटं अजून करतो, आण्णांना ती बंद केलेली आवडणार नाहीत. मामांनी वेल्डिंग सोडलंय, वय झालं, पण पाण्याची टेस्ट त्यांच्याकडेच आहे. सकाळी आले की चहाच्या आधी प्रत्येक कपाटाच्या तळाखालनं तोच उजवा हात फिरवतात, कोरडा निघाला तर खडूने बरोबरची खूण करतात, आणि खडूची खूण नसेल तर गाडी कितीही वेळ उभी असो, माल भरला जात नाही.