रेडिओची खरखर आणि तपकीर गल्लीची फेरी
आजोबा ज्यावर 792 किलोहर्ट्झला पुणे केंद्र लावायचे तो ट्रान्झिस्टर परवा माळ्यावरून काढला, सुरू झाला पण व्हॉल्यूम फिरवला की नुसती खरखर आणि एका जागी तर आवाजच गायब!

पॉट (पोटेन्शियोमीटर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागचा, फिरवला की रोध कमीजास्त करणारा भाग) उघडला. आत घोड्याच्या नालेसारखा कार्बनचा ट्रॅक, त्यावर फिरणारी एकच पत्ती, आणि बरोबर तिच्या वाटेवर घासून पडलेली चकचकीत रेघ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पत्ती किंचित वाकवून दाब वाढवला (जास्त नाही हां, ट्रॅकच खरवडला जातो), दोन दिवस बरं चाललं मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, 10 किलोओहमचा लॉगवाला (कानाला आवाज सारखा वाढत जाईल असा रोध बदलणारा) नवा आणला, तोही आधी खोललाच, तर पत्तीला चार बारीक बोटं, म्हणजे एक बोट कचऱ्यावर चढलं तरी बाकीची ट्रॅक सोडत नाहीत. काय डोकं लावलंय! जुना पॉट मात्र फेकवला नाही.