हेल्मेट आणि घंटी

एवढा थोरला गडी आमच्या चिरंजीवांच्या सायकलवर बसला आणि गुडघे हँडलला आपटत निघालासुद्धा. चिरंजीव त्याचं हेल्मेट पोटाशी कवटाळून शेजारून धावतायत.

अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघाचा ट्रेनिंग कॅम्प. लॅम्बो फील्ड या त्यांच्या स्टेडियमवरून सरावाच्या मैदानापर्यंत खेळाडू पोरांच्या सायकलींवर जातात, जुने प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्या काळापासूनची रीत. कोल्हापूरहून आलेल्या आईला हा हातानं खेळायचा फुटबॉल काही पटत नाही. पण संघाला कुणी एक मालक नाही, 5 लाखांवर भागधारक आहेत म्हटल्यावर म्हणाली, "म्हंजे आपल्या तालमीगतच की!" कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि ती पाटाकडील तालमीवाली, तिला बरोबर कळलं.

मी आपला व्हिडिओ काढण्यात दंग.

परतताना गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या लाल सायकलच्या पोराकडं कुणीच आलं न्हाई रे. शेवटपर्यंत घंटी वाजवत हुतं."

मला तो दिसलाच नव्हता. रात्री व्हिडिओ पुन्हा लावला. आहे की, अगदी कडेला, जेमतेम तीन सेकंद. घंटी मात्र सबंध व्हिडिओभर ऐकू येतेय.

तुम्हाला तिथं आली असती का ऐकू?