तुम्ही विचारलंत म्हणून: जकात आणि ख्रिस्ती दान

इंदूरच्या मराठी मंडळींत या दोन धर्मांची तुलना निघाली की एक प्रश्न हमखास येतो: इस्लाममध्ये दान (त्यालाच जकात म्हणतात) सक्तीचं, ख्रिस्ती धर्मात मनावर सोडलेलं, मग नीती म्हणून वरचढ कोणतं?

कुराण (सूरा म्हणजे अध्याय 70) म्हणतं, संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे. हक्क म्हटला की मोजमाप आलंच. रोकड, सोनं-चांदी, विक्रीचा माल धरायचा. राहतं घर, वापरातली गाडी, कामाची हत्यारं सोडायची. देणी वजा करायची (हा हनफी या सुन्नी पंथाचा नियम). उरलेलं साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकं भरलं आणि चांद्र वर्ष उलटलं, की अडीच टक्के जकात. अंगावरचे दागिने हनफी पंथात धरतात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाचे, त्यांच्याकडे नेहमीच्या वापरातले धरत नाहीत.

चुका इथेच होतात. सराफ्यात आज तोळा म्हणजे 10 ग्रॅम, पण इथला जुना तोळा 11.664 ग्रॅमचा. म्हणून चांदी 612.36 ग्रॅम धरायची, 525 नव्हे. दुसरी चूक, वर्षाच्या पगारावर अडीच टक्के काढणं. जकात कमाईवर नसून साठ्यावर असते. तिसरी, इंग्रजी तारखेनं वर्ष मोजणं. हिजरी म्हणजे इस्लामी चांद्र वर्षात आपल्या पंचांगासारखा अधिक मास नाही, त्यामुळे 33 इंग्रजी वर्षांत 34 हिजरी वर्षं बसतात आणि गरिबाची एका वर्षाची जकात बुडते.

येशूनं असा आकडा दिला नाही. दशांश, म्हणजे दहावा भाग देण्याचा नियम, बायबलच्या जुन्या करारातला. पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशू म्हणतो, न्याय आणि दया तुम्ही सोडलीत. न्याय आणि दया पाळा, दशांशही सोडू नका (बायबल, मत्तय 23). विधवेची दोन नाणी त्याला श्रीमंतांच्या देणगीहून मोठी वाटतात, कारण तिनं होतं नव्हतं ते दिलं. येशूचा आद्य प्रचारक पौल सांगतो, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नव्हे. इथला धोका उघड आहे: आकडा नसला की माणूस उरलंसुरलं देतो. यावर उपाय पौलानंच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना सांगितला होता, आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे रक्कम बाजूला काढून ठेवायची. जकातीतला धोका उलटा, हिशेब चुकता झाला की सुटलो असं वाटतं. म्हणून कुराण (2:264) बजावतं, उपकार बोलून दाखवून दान वाया घालवू नका.

गरिबाच्या बाजूनं पाहिलं तर मला जकातीची व्यवस्था अधिक भरवशाची वाटते. देणाऱ्याच्या मनाला ती कमी हलवते, पण त्याचा मूड काहीही असो, गरिबाचा वाटा निघतो.

द्यायचं कुणाला, यात मात्र फरक खोल आहे. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत (9:60). आई-वडील आणि मुलांना ती चालत नाही, कारण त्यांना पोसणं हे मुळातच कर्तव्य. गरजू भावाला चालते. गरिबांचा वाटा साधारणपणे मुसलमान गरिबांसाठी राखलेला असतो. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायात मात्र यहुद्यांना परका असलेला शोमरोनी वाटेत जखमी पडलेल्याची मलमपट्टी करतो, त्याला सरायीत नेतो, सरायवाल्याला दोन दिनार देतो आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणतो. इस्लाममध्ये हे काम सदका, म्हणजे ऐच्छिक दान, करतो: त्याला ना टक्का, ना धर्माची अट, आणि तो शेजारच्या हिंदू घरालाही देता येतो.