नागपुरात घर बांधताना आम्ही काय निवडलं

बेसा भागात दीड हजार फुटांच्या प्लॉटवर आमचं घर उभं राहिलं, तेव्हा सिमेंट-लोखंडातच ठरवल्यापेक्षा जास्त पैसा गेला होता. फरशी, दारं, नळ, वायरिंग, ओटा आणि रंग या सगळ्यांसाठी साडेसहा लाख उरले. शोरूममध्ये शिरलं की सगळंच हवंसं वाटतं, म्हणून नवऱ्याने आणि मी आधीच ठरवलं की जे भिंतीत गाडलं जाणार त्यात काटकसर करायची नाही. पेचकस-पान्याने पुढे बदलता येईल ते आज साधं चालेल.

त्यामुळे टाइल्सच्या आधी वायर घेतली. दिव्यांसाठी १.५, पॉवर सॉकेटसाठी २.५ आणि गीझर-एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची. इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "ताई, एसी तर तुम्ही आत्ता घेऊनच नाही राहिले, मंग चारची वायर काहून?" एसी येईल तेव्हा रंगवलेली भिंत फोडायची नव्हती, म्हणून! गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप घेतला आणि टाइल लागण्याआधी पंपाने दाब देऊन लाइन रात्रभर तशीच ठेवायला लावली. एक जोड पाझरत होता, तो उघड्या भिंतीतच सापडला.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. काळ्या मॅट नळांची सध्या फार हौस आहे, पण जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर लगेच उठून दिसतात. आम्ही पितळी बॉडीचे साधे क्रोम नळ घेतले. तोंडाची जाळी हाताने काढून व्हिनेगरमध्ये बुडवता येते ना, हे दुकानातच पाहिलं. बाथरूमच्या टाइल्सही त्याच कारणाने फिक्या, आणि खाली घसरणार नाही अशी खरबरीत फरशी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तिथे चकाकीचा विचारच केला नाही.

हॉल आणि खोल्यांना दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल. दोन बाय चारची दिसते छान, पण तिला मजुरी जास्त आणि तुकडेही जास्त वाया जातात. दहा बाय दहाच्या खोलीत दोन बाय दोनच्या बरोबर पंचवीस बसतात, कापाकापी जवळजवळ नाहीच. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारायचा आणि सगळ्या खोक्यांवर बॅच व शेड एकच आहे ना, ते माल उतरवतानाच बघायचं. दोन खोकी जास्तीची ठेवली आहेत, कारण तीच शेड नंतर मिळेलच असं नाही.

सगळ्यात जास्त चर्चा कूलरवर झाली. नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, काढायचा तर कूलर हवाच, तरी घराच्या नकाशात त्याला जागा नसते. मग खिडकीची ग्रिल कापा, वायर ओढा, रोज बादल्या भरा. आम्ही हॉल आणि एका बेडरूमच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, पाण्याचा नळ, विजेचा पॉइंट आणि पाणी काढायला पाइप आधीच करून घेतला. ग्रिलमध्ये कूलरच्या तोंडाएवढा भाग उघडणारा ठेवला आणि त्याला आतून कुलूप. गच्ची कमी तापावी म्हणून तिच्यावर वॉटरप्रूफिंग करून टाइलच्या पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक केलं. फॉल्स सीलिंगचे पैसे तिकडे वळवले, आणि मला तो व्यवहार पटतो.

दारांत मुख्य दाराची चौकट तेवढी सागाची, लकडगंजातून आणलेली. आतली दारं फ्लश, म्हणजे प्लायची सपाट, बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट, म्हणजे पाणी आणि वाळवी दोन्हींची चिंता नाही. ओट्याखाली ट्रॉल्या अजून नाहीत, कडाप्प्याचे कप्पे आहेत. झुंबराच्या जागी साधा एलईडी आहे. हे दोन्ही पुढे कधीही होईल.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून पाइप-वायरचे फोटो काढले होते. परवा गीझर बसवणाऱ्याने ड्रिल उचललं, तेव्हा त्यातलाच फोटो दाखवला आणि त्याने भोक चार इंच बाजूला घेतलं.