खाणकामगारांच्या पाळकाला मुळातून वाचताना

सोळाव्या शतकातला एक शाळामास्तर पुढे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला आणि चर्चमध्ये उभं राहून खाणकामगारांना चांदी, शिसं, लोखंड, काच यांच्याबद्दल उपदेश करू लागला, हे कळल्यापासून मला ते उपदेश मुळातून वाचायचे होते. योहानेस माथेसियुस हे त्याचं नाव. नोकरीमुळे मी जर्मनीत राहते, रोजचं जर्मन मला नीट येतं. पण १५६२ साली न्यूरेंबर्गला छापलेलं त्या उपदेशांचं 'सारेप्टा' हे पुस्तक उघडलं तेव्हा पहिल्या पानावर माझं जर्मन जवळजवळ निरुपयोगी ठरलं. ते पुस्तक कसं वाचत गेले ते लिहिते. जुनं जर्मन वाचू पाहणाऱ्या कुणाला तरी याचा उपयोग होईल.

आधी माणसाबद्दल. माथेसियुसचा जन्म १५०४चा, सॅक्सनीतल्या रोखलिट्झचा. शिक्षण इंगोलश्टाटला. नंतर बव्हेरियात एका सरदाराच्या घरी मुलांना शिकवत असताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची एक पुस्तिका त्याच्या हाती पडली आणि १५२९मध्ये तो ल्यूथरच्या विटेनबर्गला पोचला. १५३२पासून तो बोहेमियातल्या योआखिम्सतालच्या लॅटिन शाळेचा मुख्याध्यापक होता. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, त्याला याखिमोव्ह म्हणतात. १५१६ साली तिथे चांदी सापडली आणि बघता बघता डोंगरातल्या वस्तीचं शहर झालं. खाणीतल्या हिश्श्यातून हातात पैसे आले, तेव्हा माथेसियुस १५४०मध्ये पुन्हा विटेनबर्गला शिकायला गेला. तिथे ल्यूथरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने त्याची बोलणी टिपून ठेवली. पुढे तो परतला तो पाळक म्हणून, आणि १५६५मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

आता वाचनाचं. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या छापील पुस्तकांची स्कॅन केलेली पानं फुकट बघता येतात. लिपी गॉथिक वळणाची. त्यातला लांब 'एस' अगदी 'एफ'सारखा दिसतो. फरक इतकाच की 'एफ'ची आडवी रेघ दांडीच्या दोन्ही बाजूंना जाते, 'एस'चं टोक फक्त डावीकडे असतं. स्क्रीनवर पान मोठं करून हे बघायची सवय लावावी लागते. शब्दाच्या सुरुवातीला 'यू'च्या जागी 'व्ही' छापलेला असतो. स्वल्पविराम नाहीत, त्यांच्या जागी तिरप्या रेघा. आणि स्वरावर छोटी आडवी रेघ असेल तर पुढचा 'एन' किंवा 'एम' गाळलाय असं समजायचं, आपल्या अनुस्वाराचंच काम. हे एकदा डोक्यात बसलं की ओळी पटापट सुटू लागतात.

सगळ्यात जास्त मदत मराठी बायबलची झाली. माथेसियुस पावलोपावली शास्त्रवचनांचा आधार घेतो. पुस्तकाचं नावही बायबलमधला संदेष्टा एलीया ज्या विधवेकडे राहिला त्या सारफथ गावावरून आहे. म्हणून मी १ राजेचा १७वा अध्याय आणि खाणीचं वर्णन असलेला ईयोबाचा २८वा अध्याय आधी मराठीत वाचला. मजकूर ओळखीचा असला की अनोळखी अक्षरंही ओळख देतात. बायबलचा संदर्भ दिसेल तिथून आत शिरायचं आणि मग दोन्ही बाजूंनी पुढेमागे सरकायचं, ही माझी पद्धत झाली.

खाणीच्या शब्दांशी मात्र खरी झुंज. हे शब्द आजच्या शब्दकोशात नसतात. ग्रिम बंधूंनी सुरू केलेला मोठा जर्मन कोश इंटरनेटवर आहे, तो कायम उघडा ठेवायचे. एकदा खाणीतला एक अडलेला शब्द शोधला तर उदाहरण म्हणून खाली माथेसियुसचंच वाक्य! म्हणजे ज्याला समजून घ्यायचं, तोच पुरावा म्हणून समोर. त्या दिवशी मला फार आनंद झाला. योआखिम्सतालच्या कामगारांच्या तोंडची भाषा त्याने छापून ठेवली, म्हणून ती कोशापर्यंत पोचली.

याचं मोल कळायला त्याच गावातला दुसरा माणूस आठवावा लागतो. गेओर्ग आग्रिकोला काही वर्षं तिथला वैद्य होता. खाणविद्येवरचा त्याचा ग्रंथ १५५६ साली लॅटिनमध्ये आला, तोही विद्वानांसाठी. कोबाल्टचं खनिज कामगारांचे हातपाय कसे खातं हे आग्रिकोला वैद्याच्या नजरेने सांगतो. त्याच खनिजावर बोलताना माथेसियुस माणसांना आणि गुराढोरांना छळणाऱ्या काळ्या भुतांची, चेटकिणींची गोष्ट काढतो, कारण समोर बसलेल्यांच्या मनात तीच भीती होती. मला इथे त्याच्यातला मास्तर दिसतो. विद्यार्थ्याला जे आधीच माहीत आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू शास्त्रवचनापर्यंत न्यायचं.

वाक्यं लांबलचक, क्रियापद कुठेतरी शेवटी. डोळ्यांनी वाचून हाती काही लागेना, म्हणून मोठ्याने वाचायला लागले. शब्दलेखन कितीही वाकडं असलं तरी उच्चार ओळखीचे निघाले, आणि तिरप्या रेघा श्वास घ्यायच्या जागा आहेत हे आपोआप उमगलं. शेवटी हे सगळं कानांसाठीच होतं. शाळेतला माथेसियुसचा सहकारी निकोलाउस हेर्मान मुलांसाठी गाणी रचायचा. जर्मन चर्चमध्ये नाताळाला त्याचं एक गाणं अजूनही म्हणतात.

आता माथेसियुसचं ल्यूथरचरित्र घेतलंय. तेही सतरा उपदेशांच्या रूपात, १५६६मध्ये छापलेलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र 'सारेप्टा'आधी हेच घ्यावं असं माझं मत आहे. कथा ओळखीची आहे, खाणीचे शब्द कमी आहेत, आणि ल्यूथरबरोबर एका टेबलावर जेवलेला माणूस ती सांगतोय.