बावीस बंदे रुपये

आमच्या साताऱ्याच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर आठ चांदीचे रुपये मांडत. सासूबाईंना ते त्यांच्या आईकडून मिळालेले. धनत्रयोदशीच्या सकाळी त्या चिंच आणि राख घेऊन बसायच्या आणि एकेक रुपया लखलखीत करायच्या. २०११ च्या दिवाळीत त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. घासता घासता मी ते रुपये पहिल्यांदाच नीट पाहिले. एका बाजूला मुकुट घातलेला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला पानाफुलांची वेल आणि मधे साल. दोन रुपये १९१९ चे होते, अगदी जुळे. पण एकाच्या तळाशी, कमळाच्या फुलाखाली, मोहरीहूनही बारीक असा एक उठावदार ठिपका होता. दुसऱ्यावर नव्हता.

“झिजला असेल गं,” सासूबाई म्हणाल्या. पण बाकीची नक्षी जशीच्या तशी होती.

आठवड्याभराने पुण्याला माहेरी गेले, तेव्हा ते दोन रुपये घेऊन जुन्या बाजारात गेले. रविवार होता. नाण्यांचा गठ्ठा मांडून बसलेल्या एका काकांनी भिंग न लावताच सांगितलं, “ताई, ठिपक्याचा मुंबईचा, बिनठिपक्याचा कलकत्त्याचा. माणसं आधी साल बघतात. तुम्ही आधी ठिपका बघत जा.”

तिथून सुरुवात झाली. पंचम जॉर्जचा रुपया १९११ ते १९२० या दहा वर्षांत दोन्ही टाकसाळींनी पाडला. १९२१ आणि १९२२ ला तो फक्त मुंबईने पाडला. म्हणजे एकूण बावीस. घरच्या आठांत एक दुबार निघाला, तेव्हा सात घरं भरलेली आणि पंधरा रिकामी. वहीत दोन रांगांचा तक्ता आखला, डावीकडे मुंबई, उजवीकडे कलकत्ता. कलकत्त्याच्या रांगेत शेवटच्या दोन घरांवर फुली मारली.

पंधरांपैकी नऊ मिळायला फार कष्ट पडले नाहीत, पण ते जिथे मिळाले तिथे जाऊन मन खट्टू व्हायचं. आमच्या ओळखीच्या सराफाकडे लोक जुनी चांदी मोडीत घालायला आणतात. पैंजण, वाट्या, निरांजनं आणि त्यांतच हे रुपये. हे सगळं मुशीत जायचं. मी विनंती केल्यावर ते रुपये बाजूला काढून ठेवू लागले आणि चांदीच्या भावावर थोडं घेऊन मला देऊ लागले. या रुपयात ९१.६७ टक्के चांदी, वजन ११.६६ ग्रॅम. हेच वजन म्हणजे जुना तोळा. सासूबाई अजून ‘रुपयाभार’ म्हणायच्या, तो शब्द कुठून आला ते मला काट्यावर रुपया ठेवल्यावर कळलं.

मोडीत सगळ्यांत जास्त यायचे ते १९१८ आणि १९१९ चे. त्याचं कारण वाचलं आणि त्या रुपयांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. पहिल्या महायुद्धात सैन्याचा पगार आणि माल खरेदी यांसाठी हिंदुस्थानात रुपयांची मागणी प्रचंड वाढली. सरकारजवळची चांदी आटत चालली. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, तरी भागेना. मग १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. १९१९ साली कलकत्त्यात २१ कोटींवर आणि मुंबईत २२ कोटींवर रुपये पडले. माझ्या सासूबाईंच्या आईच्या डब्यातल्या रुपयात अमेरिकेतल्या एखाद्या डॉलरची चांदी असू शकते, हा विचार आजही मनातून जात नाही.

उरलेल्या सहांची गोष्ट वेगळी. १९११ चे दोन, १९१५ चे दोन, १९२१ आणि १९२२.

१९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत हत्ती आहे. सोंड आखूड आणि पाय जाडे असल्यामुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला. मोठा असंतोष झाला, विशेषतः मुसलमान समाजात. सुमारे ९४ लाख पाडलेल्यांपैकी जेमतेम ७ लाख लोकांच्या हाती पोचले होते, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. मुंबईचा मला एका प्रदर्शनात मिळाला, कलकत्त्याचा पुढच्या वर्षी पुण्यातच. दोन्ही महाग पडले, पण शोधावे लागले नाहीत. ज्याला गोष्ट आहे ते नाणं विकणारा आपणहून पुढे करतो. १९१५ ला अशी काही गोष्ट नाही. त्या साली दोन्ही टाकसाळींनी कमी पाडले, एवढंच. ते शोधण्यात मात्र माझी पाच वर्षं गेली.

१९२२ ने मला फसवलं. मुंबईतच पाडलेला, फक्त वीस लाखांच्या आसपास. एका विक्रेत्याकडे दिसला तेव्हा हात थरथरत होते. साठवलेले पैसे मोजून दिले. घरी काट्यावर ११.२ ग्रॅम भरला. झिजेने वजन घटतं, म्हणून मनाची समजूत घातली, पण झोप लागेना. मग पाण्याची परीक्षा केली. ती सांगते, कारण कुणालाही घरी करता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा. तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागायचं. या चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. माझं ९ आलं. आत तांबं-पितळ, वरून चांदीचा मुलामा. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. मी रडले, हेही सांगते.

खरा १९२२ तीन वर्षांनी मिळाला. पैसे देण्याआधी त्याचंही पाणी तिथेच पाहिलं. तेवढ्यावर भागत नाही, कारण खऱ्याच १९१२ च्या रुपयातला एक कोरून त्याचा दोन करतात आणि चांदी खरी असल्यामुळे पाणी काही सांगत नाही. तेव्हा भिंगाखाली शेवटचे दोन्ही दोन एकमेकांशी ताडून पाहिले. वळण एक होतं आणि आजूबाजूला खरवडल्याच्या रेघा नव्हत्या. १९२१ च्या बाबतीत साधी खूण अशी, की त्यावर ठिपका नसेल तर हात लावू नये.

आणि जपणुकीबद्दल एकच. मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांत चांदी ठेवू नका. माझ्या दोन रुपयांवर हिरवट चिकट थर आला होता.

शेवटचा राहिला कलकत्त्याचा १९१५. २०१९ च्या श्रावणात वाईहून एका नातेवाईक काकूंचा फोन आला. त्यांच्या आजेसासूबाईंचा रुपयांचा हार वाटण्यांत मोडायचा होता. मी गेले. अकरा रुपये, प्रत्येकाला वर डाग देऊन कडी बसवलेली. सातवा १९१५ चा होता. कमळाखाली भिंग धरलं, पदराने पुसून पुन्हा धरलं. ठिपका नव्हता.

ओळखीच्या संग्राहकांनी सांगितलं, कडी कापून टाक, नाहीतर हा घेऊच नकोस, डाग दिलेल्या नाण्याला बाजारात मोल नसतं. सासूबाईंचे सातही बदलून टाकायला त्यांनी सुचवलं, कारण चिंच-राखेने घासलेल्या चांदीवरचं मूळ तेज गेलेलं असतं. घासल्याने नाणं बिघडतं हे खरं आहे, मी स्वतः आता एकही नाणं घासत नाही. पण हे आठ मी बदलले नाहीत. तो हार एका बाईच्या गळ्यात होता आणि ते सात एका बाईच्या हातांनी दरवर्षी उजळले होते. हेही त्या रुपयांवर उमटलेलंच आहे, सालासारखं आणि ठिपक्यासारखं. कडीचा रुपया गोल डबीत बसत नाही, म्हणून त्याला खणाच्या कापडाची पिशवी शिवली.

त्या दिवाळीत पाटावर लाल कापड घालून बावीसच्या बावीस मांडले, डावीकडे मुंबई, उजवीकडे कलकत्ता. सासूबाईंनी रांगांवरून हात फिरवला. उजव्या रांगेच्या शेवटी त्यांचा हात कापडावर पडला.

“इथले दोन कुठे गेले?”

“ते पाडलेच नाहीत, आई. कलकत्त्याने थांबवलं होतं.”

“मग जागा रिकामी कशी ठेवायची पूजेत?” असं म्हणून त्यांनी ताटातल्या दोन सुपाऱ्या चाचपून उचलल्या आणि तिथे ठेवल्या.