टोमॅटोचा क्रेट आणि तीस मिनिटं

पुण्यात डेक्कनजवळच्या एका छोट्या क्लासमध्ये मी जीआरईचं, म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घ्यायला द्यावी लागणाऱ्या इंग्रजी माध्यमातल्या परीक्षेचं, लेखन शिकवते. सप्टेंबर २०२३ पासून या परीक्षेत दोनाऐवजी एकच निबंध आहे. एक विधान देतात आणि ते आपल्याला कितपत पटतं हे ३० मिनिटांत टाइप करायचं असतं. स्पेलिंग तपासायची सोय नाही. विषयांची यादी आधीच जाहीर असते, त्यामुळे मुलं पाठांतराच्या मागे लागतात.

त्या शनिवारी सरावाला यादीतलाच विषय दिला होता: समाजाची महत्त्वाची वैशिष्ट्यं समजून घ्यायची तर त्याची मोठी शहरं अभ्यासायला हवीत.

नारायणगावजवळच्या खेड्यातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे होती. तिचा निबंध स्वच्छ होता. न्यूयॉर्क, लंडन, टोकियो, प्रत्येकाला एक परिच्छेद. एकही चूक नाही आणि एकही वाक्य तिचं नाही. मी विचारलं, "तुला हे पटतं का गं?"

"नाही, मॅडम."

"मग लिहिलंस का?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, एकदा बाजू घेतली की सोडायची नाही."

म्हणाले होते खरी. तिचं उत्तर मला लागलं. मुलं भरकटू नयेत म्हणून मी तो नियम सांगत आले होते, पण 'कितपत' या शब्दाचं काय? पूर्ण पटतं आणि अजिबात पटत नाही, यांच्या मधली सगळी जागा त्या शब्दात असते. तपासणाऱ्यांना अमुकच बाजू हवी असं मुळीच नसतं.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "मराठीत सांग. का पटत नाही?"

ती जरा वेळ गप्प राहिली, मग एकदम बोलायला लागली. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला, तेव्हा ती पुण्यात होती. मेसमधल्या आमटीतून टोमॅटो गायब, टीव्हीवर महागाईचा आक्रोश. त्याच आठवड्यात घरी फोन केला तर आई रडत होती, आनंदानं. सोसायटीचं कर्ज फिटलं होतं. रात्री वडील राखणीला मळ्यात झोपत होते. दोन महिन्यांत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरीही सुटेना. "तेव्हा टीव्हीवर कुणी रडलं नाही, मॅडम. शहरातून बघितलं तर अर्धीच गोष्ट दिसते."

मी म्हटलं, "बरं. आता शहराच्या बाजूनं बोल. इथे राहिली नसतीस तर काय कळलं नसतं?"

हे तिला जड गेलं. नखानं टेबलाची कड खरवडत म्हणाली, "खोली शोधताना घरमालकांनी आधी आडनाव विचारलं. तीन ठिकाणी. गावात आमचं घर कुणाचं ते सगळ्यांना माहीत असतं, विचारावं लागत नाही. त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं. इथे दिसलं."

मला काही सुचेना. समोरच्या बाजूचा इतका सच्चा मुद्दा मी कुठल्याच नमुना निबंधात वाचला नव्हता. मी घड्याळ पुन्हा शून्यावर लावलं. "हे दोन्ही लिही. आधी घरमालक, मग टोमॅटो, आणि शहर कुठवर पुरतं ते शेवटी सांग."

हा निबंध पहिल्याच्या निम्म्याहून थोडा मोठा भरला. इंग्रजी अडखळत होती, चार-पाच स्पेलिंग चुकली होती. भाषा तपासायला संगणकाचा प्रोग्रॅमही असतो, त्याला पहिलाच बरा वाटला असता कदाचित. पण सोबत एक माणूसही वाचतो, आणि दोघांच्या गुणांत फार अंतर पडलं तर दुसऱ्या माणसाकडे जातं. त्या माणसासाठी हा निबंध होता. भाषेवर पुढचे दोन महिने काम करता येणार होतं.

निघताना तिनं जिन्यात उभं राहून वडिलांना फोन लावला आणि टोमॅटोचा परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. स्पीकरवर आवाज आला, "दोन हजार नाही गं पोरी, आपला क्रेट सतराशेनं गेला होता."

त्या परीक्षेत आकडे कुणी पडताळत नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती वर आली, संगणक पुन्हा सुरू केला आणि दोन हजार खोडून सतराशे केले.